वस्तादांच्या सत्काराला भाषण करायचंय: कसं लिहू, कसं बोलू?

लालमाती (धागाकर्ता) · शुक्रवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतल्या एका तालमीचा पोरगा. आमच्या वस्तादांना ७५ वर्षं पूर्ण होताहेत आणि तालमीनं त्यांचा जाहीर सत्कार ठरवलाय. पुढच्या रविवारी संध्याकाळी, तालमीसमोरच्या चौकात मांडव घालून. सहा-सातशे माणूस येईल. शिष्यांच्या वतीनं मी बोलायचं असं पोरांनी परस्पर ठरवून टाकलं. मी आजवर माईक हातात धरलेला नाही.

काल रात्री बसून लिहिलं. सहा पानं झाली. 'सन्माननीय व्यासपीठ' पासून सुरुवात, मग कुस्तीक्षेत्रातला कोहिनूर, आधारवड, दीपस्तंभ, सगळं आलं. बायकोला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे कुणाच्याही सत्काराला चालेल. ह्यात वस्ताद कुठं आहेत?"

तेव्हापासून कागद तसाच पडलाय. ज्या माणसानं मला उभं राहायला शिकवलं त्याच्यासमोर पोकळ बोलायचं नाही मला. अनुभव असलेल्यांनी जरा इस्कटून सांगा. लिहून पाठ करू की नुसते मुद्दे काढू? किती वेळ बोलावं? आणि हात थरथरतात त्याचं काय करायचं?

शुक्रवारपेठी · शुक्रवार, रात्री ११:२४

पाच मिनिटं. त्याच्या पुढं गेलास की माणसं जेवणाच्या मांडवाकडं बघायला लागतात.

निवेदिका · शनिवार, सकाळी ७:५०

लालमातीदादा, वहिनींनी तुमचं अर्धं काम करून ठेवलंय. मी वीस वर्षं सूत्रसंचालन करते. शेकडो सत्कार ऐकलेत. आधारवड आणि दीपस्तंभ मी रोज ऐकते आणि कार्यक्रम संपायच्या आत विसरते. विशेषणं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. माणूस काय करतो ते राहतं.

सहा पानं फाडू नका, बाजूला ठेवा. कोऱ्या कागदावर फक्त तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. ऐकीव नको, मानपत्रात येणार आहे ते नको. वस्ताद पहाटे तालमीत आले की पहिलं काय करतात? पोरगं हरून आलं की त्याला काय म्हणतात? रागावले की हात कुठं ठेवतात? असलं दहा-बारा ओळींत लिहा आणि इथं टाका.

वेळेचं गणित सांगते. मराठीत सावकाश, समजेल असं बोललं की मिनिटाला ११०-१२० शब्द होतात. पाच मिनिटं म्हणजे साधारण ५५०-६०० शब्द. तुमची सहा पानं म्हणजे बारा-तेरा मिनिटं तरी होतील.

पंचगंगातीर · शनिवार, सकाळी ९:०५

पाठ करू नका, एवढंच कळकळीनं सांगतो. आठवीत असताना शाळेनं मला वक्तृत्व स्पर्धेला उभं केलं. भाषण सरांनी लिहिलेलं, मी घोकलेलं. 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथं जमलेल्या माझ्या बालमित्रांनो' इथपासून तिसऱ्या परिच्छेदापर्यंत गाडी सुसाट. मग एक शब्द निसटला. एकच शब्द, पण त्याच्यामागचं सगळं गेलं, कारण ते माझं नव्हतंच. मला अर्थ आठवत नव्हता, फक्त आवाजांची माळ आठवत होती. दोन मिनिटं तसाच उभा राहिलो. खाली उतरल्यावर सर म्हणाले, शाळेचं नाव घालवलंस. त्यानंतर पंचवीस वर्षं मी कुठं चार शब्द बोललो नाही. सोसायटीच्या बैठकीतसुद्धा हात वर केला नाही.

भूगोलवाल्या बाई · शनिवार, सकाळी ११:३२

पंचगंगातीर, तुमच्या सरांचं चुकलं. चूक झालेल्या मुलाला आधी पाणी द्यायचं असतं. पण पाठांतरावर सगळा राग काढू नका. तीस वर्षं मी मुलांना स्पर्धांना नेलं. दुसऱ्यानं लिहिलेलं पाठ केलं की ते निसटतं. स्वतः लिहिलेलं, स्वतःच्या तोंडचं, दहा वेळा मोठ्यानं म्हणून अंगात मुरलेलं निसटत नाही. निसटलंच तर बाजूनं वाट काढता येते, कारण जायचं कुठं ते माहीत असतं.

मी मुलांना सांगायची की पहिली दोन-तीन वाक्यं आणि शेवटचं वाक्य शब्दन् शब्द पाठ करा. सुरुवातीला छाती धडधडत असते, तेव्हा डोकं चालत नाही, जीभ चालली पाहिजे. शेवटचं वाक्य पाठ नसलं की माणूस 'एवढं बोलून' म्हणतो आणि आणखी पाच मिनिटं बोलतो. मधल्या भागाचे चार-पाच शब्द एका चिठ्ठीवर, मोठ्या अक्षरात.

मार्टिन ल्यूथर किंग यांचंच बघा. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये ते लिहिलेलं भाषण घेऊन उभे राहिले होते. मागून गायिका महालिया जॅक्सन ओरडल्या, 'त्यांना स्वप्नाबद्दल सांग.' मग त्यांनी कागद बाजूला सारला आणि जगाला आठवतो तो भाग बोलून गेले. पण त्या स्वप्नाबद्दल ते आधी कितीतरी सभांत बोललेले होते. मुरलेलं होतं म्हणून कागद सोडता आला.

दूरदेशी · शनिवार, दुपारी २:१५

लांबीबद्दल शुक्रवारपेठी यांना माझं मत. गेटिसबर्गला १९ नोव्हेंबर १८६३ रोजी मुख्य वक्ते होते एडवर्ड एव्हरेट. त्या काळातले नामांकित वक्ते, दोन तास बोलले. नंतर लिंकन उठले आणि पावणेतीनशेच्या आसपास शब्दांत, दोन-तीन मिनिटांत बसले. दुसऱ्या दिवशी एव्हरेटनी लिंकनना पत्र लिहून कबूल केलं की तुम्ही दोन मिनिटांत जिथं पोचलात त्याच्या जवळपास मी दोन तासांत पोचलो असतो तरी धन्य झालो असतो.

इचलकरंजीकर · शनिवार, दुपारी ४:४०

जुन्या ग्रीसमधल्या डेमॉस्थेनिसची गोष्ट सांगतात. बोलताना जीभ अडायची म्हणून तो तोंडात खडे धरून बोलायचा सराव करी आणि समुद्राच्या लाटांपुढं ओरडून आवाज कमावी. आमच्या मास्तरांनी ही गोष्ट सांगितल्यावर वर्गातल्या निम्म्या पोरांनी मधल्या सुट्टीत तोंडात खडे भरले होते. एकानं गिळला.

वाचा आणि स्वर · शनिवार, संध्याकाळी ६:२०

मी वाचादोषांवर उपचार करते, म्हणून हात जोडून सांगते, तोंडात खडे घालू नका. घशात अडकला तर जिवावर बेतेल.

थरथरीचं म्हणाल तर ती पूर्ण जाणार नाही, जायला पाहिजेच असंही नाही. शरीर तयारीला लागल्याची ती खूण आहे. कुस्ती लागायच्या आधी तुमच्या पोटात जे होतं तेच हे. बोलायला उठण्याआधी सावकाश श्वास सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. पाच-सहा वेळा केलं की फरक पडतो. हातात सुटा कागद नको, तो थरथर मोठी करून दाखवतो. जाड पुठ्ठ्याची लहान चिठ्ठी धरा. दोन्ही पाय जमिनीवर नीट रोवून उभे राहा. हे तुम्हाला मी काय सांगायचं!

गार पाणी आणि आइस्क्रीम त्या दिवशी टाळा. साधं पाणी घोट घोट.

शुक्रवारपेठी · शनिवार, संध्याकाळी ६:३१

ताई, पांढरा रस्सा चालतोय का?

वाचा आणि स्वर · शनिवार, संध्याकाळी ६:४८

भाषणानंतर. वाडगं भरून.

लालमाती · शनिवार, रात्री १०:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. निवेदिकाताई, तुम्ही सांगितलं तसं बसलो. खड्यांचं वाचलं आणि एकदम आठवलं.

वस्ताद पहाटे साडेचारला तालमीत येतात. दिवा लावतात, मारुतीला हात जोडतात आणि आखाड्यात उतरून गुडघ्यावर बसतात. आमची माती तुम्हाला ठाऊक आहे, ताक, लिंबू, हळद, तेल घालून मुरवलेली. पोरांनी ती खोरून ठेवलेली असते. तरी वस्ताद एका कोपऱ्यातून सुरू करतात आणि दोन्ही पंजे मातीत घालून, बोटं पसरून, सगळा आखाडा चाळतात. खडा लागला की उचलून खिशात टाकतात. अर्धा तास लागतो. तोवर कुणालाही आत पाय टाकू देत नाहीत. जोर-बैठका बाहेर. मी बाराव्या वर्षी तालमीत आलो, आज चाळिशीला आलो. एकही पहाट ह्यात खंड पडलेला मी पाहिला नाही. त्यांच्या सदऱ्याचा उजवा खिसा कायम लाल असतो.

इचलकरंजीकर · शनिवार, रात्री ११:०२

डेमॉस्थेनिसचे खडे तोंडात, वस्तादांचे खिशात.

निवेदिका · शनिवार, रात्री ११:२०

दादा, हेच तुमचं भाषण. अंगावर काटा आला. पहिलं वाक्य तर तुम्ही लिहूनच टाकलंय: 'वस्तादांच्या सदऱ्याचा उजवा खिसा कायम लाल असतो.' सन्माननीय व्यासपीठाच्या आधी हे बोला. सातशे माणसं गप्प होतील.

आता एक काम करा. ते असं का करतात हे त्यांना कधी विचारलंय का? नसेल तर उद्या विचारा. चांगलं भाषण निम्मं टेबलाशी लिहिलं जातं, निम्मं कुणाला तरी जाऊन विचारल्यावर.

दूरदेशी · रविवार, पहाटे ५:१०

छानच आहे. एक सुचवू? पाहुणे पुण्या-मुंबईचेही असतील, वृत्तपत्रवाले असतील. भाषा प्रमाण ठेवा. 'लई', 'न्हवं' टाळलेलं बरं.

रंकाळाकाठ · रविवार, सकाळी ८:३०

दूरदेशी, इथं मी भांडणार. मी पुण्याला शिकायला गेलो तेव्हा कॉलेजात एक स्पर्धा होती. उठलो आणि म्हणालो, 'मी कोल्हापूरहून आलो.' सगळा हॉल हसला. कारण मी बाई आहे, आणि आमच्यात बायका 'मी आलो, मी जातो'च म्हणतात. माझी आई, आजी, मावश्या सगळ्या. त्या दिवशी पुढं सगळं भाषण 'आले, गेले, बसले' सांभाळण्यात गेलं. परीक्षकांनी शेरा दिला, विषयाची मांडणी चांगली, उच्चार ग्रामीण. मला विषयावर बोलायचं होतं आणि मी क्रियापदांवर पहारा देत बसलो.

म्हणून सांगतो, लालमातीदादा, घरात जसं बोलता तसंच बोला. वस्ताद ज्या भाषेत ओरडतात त्याच भाषेत त्यांचा सत्कार व्हायला हवा.

भूगोलवाल्या बाई · रविवार, सकाळी ९:४५

रंकाळाकाठ, बाळा, त्या शेऱ्याचं फार वाईट वाटलं. मीही काही वर्षं परीक्षक होते आणि असले शेरे मीही दिले असतील.

पण दूरदेशींच्या म्हणण्यातही थोडं तथ्य आहे. समोरच्याला कळणार नाही असा शब्द आला तर तो बदलावा, मग तो गावाकडचा असो की पुस्तकातला. 'क्रीडाक्षेत्रातील बहुमोल योगदान' हेसुद्धा निम्म्या मांडवाला लागत नाही. सूर स्वतःचा ठेवावा.

जुना दस्तऐवज · रविवार, दुपारी १२:२०

सत्काराच्या भाषणावरून आपल्याच मातीतली एक गोष्ट आठवली. २१ आणि २२ मार्च १९२० ला माणगावला, म्हणजे आजच्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला, परिषद झाली. अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर, वय अवघं २८. त्यांची मोठी कीर्ती अजून व्हायची होती. तिथं शाहू महाराज आले आणि जमलेल्या माणसांना त्यांनी सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळालाय. महाराज तेव्हा ४५ वर्षांचे, गादीवर बसलेले राजे. ज्याचा गौरव करायचा त्याच्याबद्दल एकच गोष्ट, ऐकणाऱ्याच्या आयुष्याशी जोडून. शंभर वर्षं झाली तरी ती सांगितली जाते.

लालमाती, वस्तादांच्या दहा गोष्टी सांगू नका. खड्यांची एकच सांगा.

शुक्रवारपेठी · रविवार, दुपारी १२:५०

पण मानपानाचं काय? स्टेजवर पंधरा जण बसणार. एकाचं नाव राहिलं तर वर्षभर बोलणं खावं लागतंय. आमच्या गल्लीत एका कार्यक्रमात नावं घेण्यातच वीस मिनिटं गेली, आणि ज्यांचा सत्कार होता ते आजोबा खुर्चीत पेंगायला लागले.

निवेदिका · रविवार, दुपारी १:१५

नावं घ्यायला आम्ही असतो. तुमच्या आधी माझ्यासारखी कुणीतरी सगळ्यांची नावं, पदं, सगळं घेणार आहे. दादांनी फक्त म्हणायचं, 'वस्ताद, आणि समोर बसलेली माझी सगळी माणसं.' त्यात स्टेजही आलं आणि कोपऱ्यातला चहावालाही. तरी धाकधूक असेल तर आदल्या दिवशी आयोजकांना सांगून ठेवा, मी नावं घेणार नाही, निवेदकानं घ्यावीत.

साऊंडवाला आबा · रविवार, संध्याकाळी ५:००

मी मांडवात माईक लावणारा माणूस. कुणी विचारत नाही, पण भाषण आमच्या हातात असतं. चार गोष्टी सांगतो पोरा.

कार्यक्रमाच्या आधी तासभर ये आणि माईकवर दोन वाक्यं बोलून बघ. बोटानं टकटक करू नको, फुंकू नको. माईक तोंडापासून चार बोटं लांब आणि हनुवटीच्या उंचीला धर. लांब धरलास तर मी आवाज वाढवणार आणि मग तो कुईं करणार. मान वळवलीस की माईक बरोबर वळव. चौकात समोरच्या भिंतीवरून आवाज परत येतो. आपलाच आवाज मागाहून ऐकू आला की नवखा माणूस घाईला येतो. घाई करायची नाही. एक वाक्य बोलायचं, ते भिंतीवर जाऊन येऊ द्यायचं, मग दुसरं.

पंचगंगातीर · रविवार, संध्याकाळी ५:४०

आबा, हे मला आठवीत कुणी सांगितलं असतं तर!

लालमाती · मंगळवार, सकाळी ६:३०

विचारलं. आज पहाटे, ते माती चाळत असतानाच. आधी गप्प राहिले. मग हात न थांबवता म्हणाले, "तरणाबांड होतो तवा माझ्या जोडीदाराच्या गुडघ्यात खडा घुसला. आदल्या दिवशी माती मी खोरली होती. जखम चिघळली. लई चांगला पैलवान होता. परत उतरला नाही."

मला पुढं काही विचारता आलं नाही. मीही शेजारी बसून चाळायला लागलो. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला बसू दिलं.

आता प्रश्न असा, हे भाषणात सांगू की नको?

निवेदिका · मंगळवार, सकाळी ८:१०

त्यांना विचारल्याशिवाय नाही. गोष्ट त्यांची आहे, आणि त्या जोडीदाराचीही. त्यांनी नको म्हटलं तर खिशाचं आणि चाळण्याचं एवढंच सांगा. तेवढंही भरपूर आहे.

रंकाळाकाठ · मंगळवार, सकाळी ८:४४

निवेदिकाताईंना अनुमोदन. आणि सांगायचं ठरलं तर त्यांच्याच शब्दांत सांगा. 'माती मी खोरली होती' ह्या वाक्याला हात लावू नका.

लालमाती · गुरुवार, रात्री १०:२०

विचारलं. म्हणाले, "त्याचं नाव घेऊ नको. गोष्ट सांग. पोरांना कळू दे."

लिहून काढलं, ६४० शब्द. मोबाईलवर रेकॉर्ड केलं तर सहा मिनिटं. ऐकताना कळलं की तीन ठिकाणी मी अजून पुस्तकी बोलतोय. एका ठिकाणी 'त्यांच्या अथक परिश्रमांमुळे' आलं होतं, ते काढलं. शेवट जमत नाही. 'म्हणूनच आपण सर्वांनी वस्तादांचा आदर्श घ्यावा' असा केलाय, पण तो चिकटवल्यासारखा वाटतो.

जुना दस्तऐवज · गुरुवार, रात्री १०:४५

शेवट काढूनच टाका. त्याच्या आधीचं वाक्य कोणतं आहे?

लालमाती · गुरुवार, रात्री १०:५२

'मंगळवारी पहाटे मी पण त्यांच्या शेजारी बसलो. मला तीन खडे सापडले.'

जुना दस्तऐवज · गुरुवार, रात्री १०:५४

इथंच बसा.

भूगोलवाल्या बाई · गुरुवार, रात्री ११:०५

इथंच. आणि लगेच मागं फिरू नका. ते वाक्य झाल्यावर तीन श्वास उभे राहा, मग वस्तादांना नमस्कार करून या.

लालमाती · रविवार, रात्री ११:४८

झालं मंडळी.

तासभर आधी गेलो, माईकवर बोलून बघितलं. आबा, तुम्ही म्हणालात तसा समोरच्या इमारतीवरून आवाज परत येत होता, आधीच ऐकलं होतं म्हणून दचकलो नाही. उठलो तेव्हा हात थरथरत होते. पाय रोवले, श्वास सोडला आणि खिशाचं वाक्य बोललो. पहिल्या रांगेतल्या माणसांनी मान वळवून वस्तादांच्या खिशाकडं बघितलं. वस्तादांनी खिशावर हात ठेवला.

मधे एकदा अडलो, गुडघ्याच्या गोष्टीपाशी. शब्द आठवत होते, आवाज फुटत नव्हता. तेवढा वेळ कुणी खोकलंसुद्धा नाही. मागं बसलेल्या जुन्या पैलवानांपैकी एक जण मोठ्यानं म्हणाला, "बोल पोरा, दमानं." मग बोललो.

कार्यक्रम संपल्यावर वस्ताद गर्दीतनं जवळ आले. म्हणाले, "तू बरा बोललास. बाकीच्यांनी मला पार देव करून टाकलं." आणि जेवायला निघून गेले. पंगतीत बायको भेटली. म्हणाली, "आज होते वस्ताद."

शुक्रवारपेठी · रविवार, रात्री ११:५५

नाद खुळा! किती मिनिटं?

लालमाती · रविवार, रात्री ११:५८

सात. एक मिनिट अडलो होतो ते धरून.

पंचगंगातीर · सोमवार, सकाळी ७:१५

वाचून भरून आलं. धागा जिथून सुरू झाला तो प्रश्न मात्र मला अजून पडलाय. शेवटी पाठ केलंत की मुद्दे काढलेत? विचारायला कारण आहे. पुढच्या महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न आहे आणि वडील नाहीत, घरातर्फे दोन शब्द मी बोलावेत असं आई म्हणते.

लालमाती · सोमवार, सकाळी ७:४०

पहिली तीन वाक्यं आणि शेवटची दोन पाठ. वस्तादांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत, तेही पाठ. बाकी पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर पाच शब्द होते: खिसा, दिवा, चाळणं, गुडघा, तीन. चिठ्ठी एकदाच बघितली, अडलो तेव्हा.

तुम्ही आधी बहिणीबद्दल डोळ्यांनी पाहिलेलं दहा ओळींत लिहा आणि इथं टाका. आम्ही सगळे आहोत.

पंचगंगातीर · सोमवार, रात्री ९:३०

लिहायला बसलोय. पहिली ओळ: 'ती शाळेतनं आली की आधी माझी सायकल पुसायची.'